अर्जातला एक प्रश्न

मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला अ‍ॅलन हॉस्पिटल आहे. डॉ. लॉर्ना ब्रीन तिथल्या तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. मार्च २०२० मध्ये त्यांनाच कोविड झाला आणि जरा बरं वाटताच, एप्रिलच्या सुरुवातीला, त्या पुन्हा कामावर हजर झाल्या. तोवर विभाग रुग्णांनी ओसंडला होता. थोड्याच दिवसांत त्यांना खुर्चीतून उठणंही जमेना. घरच्यांनी त्यांना व्हर्जिनियाला नेऊन इस्पितळात दाखल केलं. २६ एप्रिलला त्यांनी आयुष्य संपवलं. वय ४९, आधी मनोविकाराची कसलीही नोंद नाही.

आत्महत्येला एकच कारण चिकटवू नये. संसर्गाचा मेंदूवर परिणाम झाला असावा, असंही कुटुंबीयांना वाटत होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: मानसोपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल, ही धास्ती लॉर्नांच्या मनात घर करून होती.

ती हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वैद्यकीय परवान्याच्या अर्जात ‘तुम्ही कधी मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का?’ अशा धर्तीचा प्रश्न असे. न्यूयॉर्कच्या अर्जात तो नव्हता. भीती मात्र तिथेही होतीच. अशा वेळी डॉक्टर रुग्णाला जो सल्ला देतो, तोच स्वतःला द्यायला कचरतो.

मार्च २०२० मध्येच चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांपैकी निम्म्यांत नैराश्याची लक्षणं दिसली, तर एक तृतीयांश लोकांची झोप उडाली होती. न्यूयॉर्कमध्ये मात्र रोज संध्याकाळी सातला खिडक्यांतून टाळ्या वाजत होत्या. आपल्याकडे थाळ्या वाजल्या. ज्याला सगळं गाव ‘योद्धा’ म्हणतंय, त्याने ‘मला झेपत नाही’ कुणाला सांगायचं?

लॉर्नांची बहीण आणि मेव्हणे यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली. १८ मार्च २०२२ रोजी अध्यक्ष बायडन यांनी लॉर्नांच्याच नावाच्या कायद्यावर सही केली. त्यातून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षणाला आणि जागृतीला पैसा मिळाला. परवान्याचे अर्ज मात्र राज्यांच्या हातात. त्यामुळे संस्थेला एकेका राज्याच्या मंडळाचं दार ठोठावावं लागतं. बऱ्याच ठिकाणी शब्द बदललेही: पूर्वी काय झालं होतं ते न विचारता, सध्या कामात अडथळा आणणारा आजार आहे का, एवढंच विचारतात. रुग्णालयांचे नोकरीचे अर्ज वेगळेच असतात, आणि तिथलेही प्रश्न बदलून घ्यावे लागतात.