शाळेचे गुण आणि परीक्षेचे गुण

मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवली तालुक्यांत तळेरे हें गांव आहे. कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथेंच फुटतो. येथील विद्यार्थी दहावीनंतर तंत्रनिकेतनांत जाऊं इच्छितो, तेव्हां त्याचे गुण मालवणच्या, रत्नागिरीच्या वा पुण्याच्या मुलांच्या गुणांशेजारीं ठेवले जातात. भाषेसारख्या विषयांत त्यांपैकीं ८० गुण लेखी परीक्षेचे व २० शाळेनें दिलेले असतात. लेखी परीक्षा एकच. परंतु शाळेचा हात कोठें सढळ, कोठें आखडता. मग हे दोन प्रकारचे गुण एका बेरजेंत कितपत बसतात?

महाराष्ट्रानें या प्रश्नाचा अनुभव अलीकडेच घेतला आहे. २०१९ सालीं भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांतील शाळेचे २० गुण काढून टाकण्यांत आले, तेव्हां आदल्या वर्षीं ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. ते गुण पुन्हां सुरू झाल्यावर, २०२० सालीं, निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रमहि त्याच सुमारास बदलला होता व २०२० सालीं भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती. म्हणून सारा चढउतार एकाच कारणाच्या माथीं मारतां येत नाहीं. २०२१ सालीं तर करोनाच्या सांथीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं. नववीच्या निकालास ५०, दहावीच्या वर्षांतील लेखी कामास ३० व तोंडी-प्रात्यक्षिकास २० असे गुण धरण्यांत आले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, कोकण विभागाचा १०० टक्के! अकरावीसाठीं योजलेली सामाईक परीक्षाहि मुंबई उच्च न्यायालयानें १० ऑगस्ट २०२१ रोजीं रद्द ठरविली. पास झालीं बहुतेक सारींच. पण एका शाळेचे ९० गुण दुसरीच्या ९० गुणांइतकेच आहेत कीं नाहींत, हें ताडून पाहण्यास समान माप उरलें नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स या राज्यांत यावर एक तोड काढली आहे. तेथें शाळेचे गुण व परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरतात. मात्र शाळेच्या गुणांतून मुलांचा अनुक्रम व त्यांच्यामधील अंतराचें प्रमाण एवढेंच घेतात. गुणांची पातळी ठरते ती त्याच शाळेच्या मुलांनीं सामाईक परीक्षेंत केलेल्या कामगिरीवरून.

हीच रीत तळेऱ्यास लावली असें समजूं. एका कडक शाळेनें तीन मुलींना ६०, ५० व ४० गुण दिले. परीक्षेंत त्यांना अनुक्रमें ७०, ८० व ६० मिळाले. परीक्षेंतील सर्वोच्च गुण ८० व सरासरी ७०; म्हणून शाळेचे गुण ८०, ७०, ६० असे समायोजित होतील. शाळेंत पहिली आलेल्या मुलीला ८० मिळतात, जरी ते परीक्षेंत दुसरीनें मिळविले असले तरी. दुसरीचे स्वतःचे ८० मात्र तिच्याकडेच राहतात. दोघींचेहि अंतिम गुण ७५ होतात. शेजारच्या सढळ शाळेनें ९५, ९०, ८५ गुण दिले, पण तेथील मुलांना परीक्षेंत ६०, ५०, ४०च मिळाले. त्यांचे शाळेचे गुणहि ६०, ५०, ४० होतील. समायोजन नसतें तर सढळ शाळेचा पहिला मुलगा ७७.५ वर व कडक शाळेची पहिली मुलगी ६५ वर राहिली असती; तंत्रनिकेतनाची जागा त्यालाच मिळाली असती.

या रीतींतहि उणीव आहे. तीनच मुलींच्या वर्गांत एक जण परीक्षेच्या दिवशीं तापानें फणफणली, तर साऱ्यांची सरासरी खालीं येते. म्हणून लहान गांवांतील लहान शाळांस ती जपूनच लावावी लागेल. महाराष्ट्रांत दहावीला असें समायोजन होत नाहीं. शाळेचे २० गुण सरळ बेरजेंत मिळविले जातात. त्यामुळें येथें शिक्षकांचा सढळ वा आखडता हात थेट गुणपत्रिकेंत उतरतो, आणि पालकांनीं दोन शाळांचे टक्के ताडून पाहतांना त्यांतले लेखी परीक्षेचे किती व शाळेचे किती, हें आधीं वेगळें काढून पाहिलें पाहिजे.