काळ्या मातीवरची आम्लवर्षा : बुलढाणा जिल्ह्यापुरते गैरसमज आणि वस्तुस्थिती

आम्लवर्षा हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांतून घराघरांत पोहोचला असला, तरी त्याच्यासोबत मनात रुजलेले चित्र मात्र बहुतांशी परके आहे. स्वीडन-नॉर्वेतील मासे नाहीसे झालेली सरोवरे, मध्य युरोपातील वठलेली सूचिपर्णी अरण्ये आणि देशातले उदाहरण म्हणून फार तर आग्र्याचा ताजमहाल, एवढ्यावर ते संपते. हेच चित्र उचलून बुलढाणा जिल्ह्यावर ठेवले की दोन परस्परविरोधी गैरसमज संभवतात. पहिला असा की, आम्लयुक्त पाऊस अंगावर पडला तर कातडी भाजते, पिके जळतात आणि ते पाणी विषासमान होते. दुसरा असा की, यांपैकी काहीच येथे घडताना दिसत नसल्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्याचा नाही आणि म्हणून येथील हवाही निर्मळ असली पाहिजे. पहिल्या समजुतीचा उगम भीतीत आहे, दुसरीचा निश्चिंतपणात. आणि दुसरी अधिक अपायकारक आहे, कारण तिच्यामुळे तपासणीची गरजच वाटेनाशी होते.

मुळात पावसाचे पाणी शुद्ध म्हणजे उदासीन असते, ही समजूत चुकीची आहे. पाण्याची आम्लता किंवा अल्कता मोजण्यासाठी जी पट्टी वापरतात, तिला शेतीच्या परिभाषेत सामू म्हणतात. या पट्टीवर 7 हा आकडा उदासीनता दाखवतो, त्याखाली आम्लधर्म वाढत जातो आणि त्यावर अल्कधर्म; शिवाय प्रत्येक अंकाचा फरक दहापटीचा असल्यामुळे सामू 4 असलेले पाणी सामू 5 च्या पाण्याहून दसपट आम्लधर्मी ठरते. हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच, तो पावसाच्या थेंबात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि त्यामुळे धूर किंवा धूळ न लागलेल्या पावसाचा सामूही सुमारे 5.6 असतो. म्हणून सामान्यतः त्याखालच्या पावसालाच आम्लवर्षा म्हटले जाते. ही अधिकची आम्लता मुख्यतः दोन वायूंची देणगी असते : कोळशातील व खनिज तेलातील गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड, आणि कोणत्याही तीव्र ज्वलनात हवेतलाच नायट्रोजन जळून होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे. हे वायू ढगात आणि हवेत हळूहळू सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांत रूपांतरित होतात. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराचा तेथील पावसाशी असलेला संबंध रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्ये दाखवला आणि 1872 च्या आपल्या ग्रंथात आम्लवर्षा ही संज्ञा वापरली. वातावरणबदल आणि आम्लवर्षा यांची जी गल्लत नेहमी होते, तीही येथेच सुटते. कार्बन डायऑक्साइड तापमान वाढवतो, पण पावसाला 5.6 च्या फारसे खाली नेत नाही. ते काम गंधकाचे आणि नायट्रोजनचे आहे.

कातडी भाजण्याविषयीची भीती तर साध्या तुलनेनेच दूर होते. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5 असतो, ताकाचा साधारण साडेचार, म्हणजे 4.5 सामूचा पाऊस, जो जगात कोठेही गंभीर आम्लवर्षा मानला जाईल, तो आम्लतेच्या पट्टीवर ताकाच्या शेजारी बसतो. अशा पावसाने अंगावर फोड येत नाहीत आणि केसही गळत नाहीत. 2025 च्या प्रारंभी शेगाव तालुक्यातील काही गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा संशय साहजिकच पाण्यावरही गेला होता, परंतु तपासाचा रोख पुढे शरीरातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरिक्त प्रमाणाकडे वळला. आकाशातून पडणाऱ्या पाण्याकडे नव्हे.

ही भीती निराधार आहे एवढेच नव्हे, तर या जिल्ह्यात ती प्रत्यक्ष नुकसान करू शकते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या तालुक्यांतून जातो, आणि तेथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की ते पिण्यास व अनेकदा सिंचनासही निरुपयोगी ठरते. अशा गावात छपरावरून उतरणारे पावसाचे पाणी हेच सर्वांत गोडे पाणी होय. आम्लाच्या धास्तीने ते साठवणे टाळणे म्हणजे हाती आलेले गोडे पाणी सोडून खाऱ्या पाण्याकडे परतणे. खबरदारी हवी ती वेगळ्या कारणासाठी : पहिल्या एक-दोन सरी छपरावरची धूळ, काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन आणतात, म्हणून त्या वाहून जाऊ द्याव्यात आणि त्यानंतरचे पाणी गाळून साठवावे.

पिके आणि जमीन यांच्याविषयी विचार करताना मात्र हिशेबच मांडून पाहणे योग्य, कारण बुलढाण्याचे वेगळेपण त्या हिशेबातच दडलेले आहे. जिल्ह्यातील शेतीची जमीन प्रामुख्याने काळी आहे, ती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे आणि नांगरताना पांढरे खडे वर येतात ती चुनखडी, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट, तिच्यात मुबलक सापडते. समजा, या जिल्ह्यात वर्षाकाठी पडणारा साडेसातशे मिलिमीटर पाऊस सगळाच्या सगळा 4.5 सामूचा पडला, जी खरोखर टोकाची कल्पना आहे. तर एका हेक्टरवर पडणाऱ्या सुमारे 75 लाख लिटर पाण्यातील आम्ल मारण्यासाठी वर्षाला अवघी 12 किलो चुनखडी खर्ची पडेल. एका हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात माती भरते साधारण 20 लाख किलो, आणि तिच्यात चुनखडीचे प्रमाण केवळ एक टक्का धरले तरी ती 20 हजार किलो होते. या गतीने तो साठा संपायला दीड हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रत्यक्षात अनेक शेतांत हे प्रमाण एक टक्क्याच्या कितीतरी वर आहे. स्वीडनच्या ग्रॅनाइटवरील पातळ मातीजवळ अशी शिल्लक नव्हती, म्हणून तेथे तोच पाऊस सरोवरांपर्यंत आम्लच राहून पोहोचला. महाराष्ट्रातही सर्वत्र परिस्थिती सारखी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभा दगडाची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी आहे आणि तेथे पाऊसही बुलढाण्याच्या कित्येक पट पडतो, त्यामुळे खरी काळजी कोकणाने करायला हवी.

येथे भूशास्त्रातील एका गोष्टीचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. ज्या बेसाल्टपासून ही माती झाली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या प्रचंड लाव्हा उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झाला, आणि त्या उद्रेकांनी वातावरणात सोडलेल्या गंधकवायूंमुळे तत्कालीन पृथ्वीवर आम्लवर्षा झाली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ज्या खडकाच्या जन्माबरोबर गंधकाचा धूर उसळला, त्याच खडकाची माती आज धुरातल्या गंधकाचे आम्ल निष्प्रभ करते आहे.

श्रावणात सोयाबीन पिवळे पडले की कधी कधी पावसाला दोष दिला जातो, पण त्याचे कारण उलट दिशेला शोधावे लागते. चुनखडीयुक्त आणि पाणी साचलेल्या जमिनीत लोह असूनही अल्कतेमुळे ते मुळांना मिळत नाही, कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. किंवा मग पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग असतो. पहिल्या प्रकारात जमीन थोडी आम्लधर्मी असती तर ते पिकाच्या हिताचेच ठरले असते.

अल्कतेचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच लोणार. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने तयार झाले, त्याची शास्त्रीय जगाला ओळख 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने करून दिली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्यातील सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो, कारण बाहेर वाहून जाण्यास वाट नसलेल्या या खोलगटात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट साचत गेले आहेत. काच आणि साबण बनवण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद ऐने-अकबरीतही आहे. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा प्रदूषणापासून दैवी कोपापर्यंत अनेक तर्क लढवले गेले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांची रंगद्रव्ये आढळली, कारण त्या उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली होती. आम्लवर्षा लोणारचे वैशिष्ट्य पुसून टाकेल ही भीतीही टिकत नाही, कारण एवढ्या कार्बोनेटपुढे पावसातील आम्ल नगण्य ठरते. लोणारला धोका आहे तो आम्लाचा नव्हे, तर काठावरच्या वस्तीतून येणाऱ्या सांडपाण्याचा आणि गोड्या पाण्याच्या वाढत्या भरीचा. या दोहोंमुळे क्षारता पातळ होऊन तेथेच जगू शकणारी जीवसृष्टी हटते. खऱ्या धोक्याकडे पाहण्यासाठी खोट्या धोक्यावरून नजर काढावी लागते, हे लोणारच्या संदर्भात विशेष खरे आहे.

दगडी वास्तूंच्या बाबतीतही दगडाची जात पाहावी लागते. ताजमहालाचा संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणून गंधकाच्या आम्लाने त्याचा पृष्ठभाग जिप्सम होऊन खरवडला जातो, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 च्या निकालात आग्रा परिसरातील उद्योगांच्या कोळशावर बंधने घातली. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा काळा पाषाण सिलिकेटचा असल्यामुळे तो तसा विरघळत नाही. सिंदखेडराजा येथील जुन्या बांधकामांतील चुन्याचे सांधे आणि गिलावा मात्र आम्लाला बळी पडू शकतात.

आता दुसऱ्या आणि अधिक खोल गैरसमजाकडे वळता येते. भारतात अनेक ठिकाणी पावसाचा सामू 5.6 च्या वर आढळतो, ही गोष्ट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या निरीक्षणांतून फार पूर्वीच पुढे आली. मात्र त्याचा अर्थ हवेत आम्ल तयार होत नाही असा नाही. कोरड्या ऋतूत उडणारी चुनखडीयुक्त धूळ आणि गुरांच्या मूत्रातून व युरियातून हवेत जाणारा अमोनिया ते आम्ल थेंबातच मारतात, आणि सामूमापकावर आकडा निरोगी दिसतो. त्या थेंबात सल्फेट व नायट्रेट मात्र पूर्णपणे असतात. अमोनियाने केलेले उदासिनीकरण तर तात्पुरतेच ठरते, कारण जमिनीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करताना आम्ल पुन्हा मोकळे करतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाची पाऊसरसायनाची दीर्घकालीन निरीक्षणे ज्या दहा केंद्रांवर होतात, त्यांत नागपूर व पुणे ही दोन महाराष्ट्रातील आहेत. 1987 ते 2021 या काळातील त्यांच्या विश्लेषणात बहुतेक केंद्रांवर पावसाचा सामू हळूहळू उतरत असल्याचे आणि त्यात नायट्रेटचा वाटा वाढल्याचे दिसले. डिझेल-पेट्रोलमधील गंधक 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकाने दशलक्षांश 10 भागांवर आला, परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे इंधनातल्या गंधकावर अवलंबून नसतात. वाहनांबरोबरच शेतात पेटवली जाणारी पऱ्हाटीही त्यांत भर घालते.

शिवाय ज्या प्रदेशात पावसाळा चारच महिन्यांचा, तेथे आम्ल केवळ पावसातून उतरते हे मानणेच अपुरे आहे. उरलेले आठ महिने वायू आणि सूक्ष्म कण कोरडेच खाली बसतात, ज्याला शुष्क निक्षेप म्हणतात, आणि सल्फेटचे अतिसूक्ष्म कण जमिनीवर बसण्याआधी फुप्फुसांत शिरतात. कातडीला न भाजणाऱ्या आम्लाचा माणसाला होणारा खरा अपाय हा आहे, आणि काळ्या मातीतली चुनखडी येथे कोणाच्याही मदतीला येत नाही.

हे कारखान्यांच्या कुंपणापुरतेच असते, असेही समजू नये. सल्फर डायऑक्साइडचे आम्ल होण्यास तासांपासून दिवसांपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यात उंच धुराड्यातून निघालेला वायू शेकडो किलोमीटर जातो. बुलढाण्याच्या पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचे आणि पूर्वेला अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पावसाळी वारे पश्चिमेकडून वाहतात म्हणून तेव्हा दीपनगरची हवा मलकापूरच्या दिशेने येते, हिवाळ्यात वारे फिरले की पारसची शेगावकडे. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असतो, हे खरे; पण अर्धा टक्का म्हणजे टनामागे 5 किलो गंधक, जो जळल्यावर 10 किलो सल्फर डायऑक्साइड होतो, आणि मोठे वीजकेंद्र दिवसाला हजारो टन कोळसा जाळते. डिसेंबर 2015 च्या मानकांनी धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची वाट दाखवली होती. जुलै 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा लाखांवरच्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या केंद्रांना त्यातून सूट दिली, आणि अशी केंद्रे देशात बहुसंख्य आहेत. कोळशातील अल्प गंधक हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. धूळ आणि माती आम्लाचा हिशेब गुपचूप भागवत असल्यामुळे तो सहज पटतो, एवढीच त्याची ताकद आहे.

त्या यंत्रणेचे रसायनशास्त्र मात्र या जिल्ह्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. धूर चुनखडीच्या पातळ लगद्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधक कॅल्शियमशी बांधला जातो आणि जिप्सम तयार होते. खारपाणपट्ट्यात ज्या जमिनी चोपण झाल्या आहेत, म्हणजे सोडियम साचल्यामुळे ओल्या असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारख्या होतात, त्यांच्या सुधारणेसाठी कृषितज्ज्ञ जिप्समच सुचवतात, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर, निचऱ्याची सोय असेल तर, निघून जातो. धुराड्यातून मोकळा सुटलेला जो गंधक मलकापूर-शेगावच्या श्वासात उतरतो, तोच तेथे अडवला तर, जड धातूंची तपासणी करून, संग्रामपूरच्या शेतात पोत्यांनी टाकता येण्यासारखा आहे.