एकाच दहावीचे वेगवेगळे निकाल

कर्नाटकातल्या कमठाण्याच्या पोरांची दहावी म्हणजे बेंगळुरूच्या मंडळाची एसएसएलसी. 2020 पासून बघितलं तर गणित-विज्ञानाची पुस्तकं बहुतेक तीच राहिली. निकाल मात्र झोक्यावर बसल्यासारखा वर-खाली होत राहिला.

2020 ची परीक्षा करोनामुळे लांबून 25 जूनला सुरू झाली. राज्याचा निकाल 71.80 टक्के लागला. पुढच्या वर्षी परीक्षेचा साचाच बदलला. जुलैच्या 19 आणि 22 तारखेला सहा विषय उरकले. एका बैठकीत तीन विषय, प्रत्येकी 40 प्रश्न, सगळे बहुपर्यायी. ओएमआर कागदावरचं गोल पेनानं भरायचं, झालं उत्तर. राज्यात जवळपास सगळेच पास! प्रमेय पायरीपायरीनं मांडणारा आणि अंदाजानं गोल रंगवणारा, यांतला फरक त्या कागदाला कळणार तरी कसा?

2022 ला 85.63 टक्के, 2023 ला 83.89. मग 2024 ला परीक्षा खोल्यांत कॅमेरे लागले, वेबकास्टिंग सुरू झालं. ग्रेस मार्क 10 वरून 20 टक्के करूनही निकाल 73.40 वर आला. 2025 ला कॅमेरे राहिले, वाढीव ग्रेस गेले: 62.34. कलबुर्गी जिल्हा 42.43 टक्क्यांवर, राज्यात शेवटचा.

कॉपीला आळा बसला हे चांगलंच झालं. त्यावर गळा काढण्यात अर्थ नाही. पण कॅमेरा शेवटचे तीन तास बघतो. वर्षभर गणिताला मास्तर होता की जागा रिकामीच होती, ते त्यात येत नाही.

उन्हाचा विषय तर कोणी काढतच नाही. एप्रिल-मे आला की आपल्या कलबुर्गी विभागातली सरकारी कचेरी सकाळी आठला उघडते, दुपारी दीडला बंद होते. साहेबांना ऊन लागू नये म्हणून. 2024 ची दहावी 25 मार्च ते 6 एप्रिल चालली, आणि पोरं साडेदहाला बसून भर दुपारी बाहेर पडत होती. न्यूयॉर्कच्या शाळांतल्या परीक्षांचा अभ्यास झालाय: कडक उन्हाच्या दिवशी त्याच मुलांचे गुण घसरतात. आपल्याकडे तर पत्र्याखालच्या खोल्याही आहेत.

प्रश्नपत्रिका राज्यभर एकच, त्यामुळे वेळही एकच हवी, हे मान्य. मग मंडळानं सगळ्या राज्याचाच पेपर सकाळी आठला ठेवावा. किनाऱ्यावरच्या उडुपीच्या मुलांचंही त्यात काही बिघडणार नाही.