टाकीत पिकणारं औषध

पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, हे शाळेपासून ठाऊक असतं. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना तिचा जिवाणू मारण्याचा गुण दिसला. पण औषध पुरेसं बनवायचं कसं? १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसावर उपचार सुरू झाले. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा त्यालाच टोचलं जाई. तो सुधारू लागला, पण औषध संपलं आणि तो दगावला.

ही कोंडी फुटली अमेरिकेत, पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत. उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढणारी बुरशी तिथे द्रवात बुडवून वाढवली गेली. त्यातूनच मोठ्या टाक्या आल्या : आत निर्जंतुक हवा सोडायची, द्रव सतत घुसळायचा आणि खाद्य म्हणून मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी घालायचं. १९४३ मध्ये बुरसटलेल्या खरबुजावर जास्त पेनिसिलिन देणारा वाण सापडला. त्यावर एक्स-रे आणि अतिनील किरणांचा मारा करून आणखी सरस वाण निवडले गेले.

खरी खुबी खाद्यात आहे. भरपूर साखर मिळाली, की बुरशी नुसती फोफावते. साखर बेताची झाली, की पेनिसिलिन बनवू लागते. म्हणून साखर थोडी थोडी सोडतात.

१९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पिंपरीत सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि हे तंत्र महाराष्ट्रात रुजलं. गुणी सूक्ष्मजीव सापडणं ही सुरुवात. त्याच्याकडून हवं ते, हवं तेवढं बनवून घेणं म्हणजे जैवतंत्रज्ञान.