सेमाडोहच्या वर्गात आधी बोलू द्या

मेळघाटातल्या सेमाडोहसारख्या गावात कोरकू घरातलं मूल मराठी धडा खडाखडा वाचतं, म्हणजे त्याला तो कळला असं नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठी आर्य कुळातली. अक्षर जुळतं, अर्थ मागे राहतो. पालिंक्सार आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत इथे बसते: मुलांनीच आळीपाळीने प्रश्न विचारायचे, अडलेलं सोडवायचं, सार सांगायचं, पुढचा अंदाज बांधायचा. त्यांच्या प्रयोगात वाचता येणाऱ्या, पण वाचलेलं न समजणाऱ्या सातवीच्या मुलांचं आकलन सुधारलं.

गोंधळ होईल, हा आक्षेप खराच. म्हणून गट चार-पाच जणांचेच हवेत. मुलं कोरकूत बोलली तर मराठी मागे पडेल, हे मात्र पटत नाही. चर्चा कोरकूत, सार मराठीत ठेवलं की मराठी बोलावीच लागते. शिक्षकाला कोरकू येत नसली, तरी सार ऐकून कोण कुठे अडलंय ते कळतं.