लशीनंतरचा खांदा: भरपाईविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भातकापणीत विळा लागला की मावळात धनुर्वाताचे इंजेक्शन ओघाने येतेच. दंड एक-दोन दिवस ठणकतो आणि थांबतो. मात्र टोचल्यापासून 48 तासांच्या आत खांदा धरला, फडताळावरचा डबा काढायलाही हात वर जाईना आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर ती दुखापत असू शकते. ‘लसच वाईट होती’ हा तिच्याबाबतचा पहिला गैरसमज. दोष बहुधा सुईच्या जागेचा असतो. बाही नीट वर न चढवता सदऱ्याचा गळा ओढून टोचले, की सुई दंडाच्या जाड स्नायूऐवजी वर, सांध्यालगतच्या नाजूक पिशवीत जाऊ शकते आणि तिथे सूज येते. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली, ही योग्य जागा.

अमेरिकेत 2017 पासून ही दुखापत सरकारी भरपाईच्या तक्त्यात आहे. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. तसाच अर्ज इथेही चालतो, असे अनेकांना वाटते. भारतात असा तक्ता नाही. टोचणाऱ्याची चूक आणि त्याच चुकीने झालेली इजा, दोन्ही तक्रारदारालाच दाखवाव्या लागतात. आरोग्य केंद्रात त्रासाची नोंद झाली म्हणजे दावा दाखल झाला, असेही नव्हे. ती नोंद लससुरक्षेसाठी असते. तरी ती करून घ्यावीच, तारखेचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

‘मोफत लस, मग तक्रार कसली?’ हा समज सर्वांत घातक. सर्वांना विनामूल्य सेवा देणारे सरकारी केंद्र ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. पण दिवाणी न्यायालय खुलेच राहते; मावळकरांसाठी ते वडगावला आहे. सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एक बाळंतीण दगावली. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले, तेही 1996 मध्ये. हक्क पक्का आहे, वाट मात्र फार लांबची.

पैसे मोजून खासगी रुग्णालयात लस घेतली असेल, तर ग्राहक आयोग गाठता येतो. रुग्णालय मुंबईचे असले तरी 2019 च्या कायद्याने लोणावळ्याच्या रहिवाशाला पुणे जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही. लसीकरणाची पावती, पहिल्या तपासणीचा केसपेपर आणि एमआरआय जपून ठेवावेत. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ती 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.