न विचारता युद्धात

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. ना केंद्रीय विधिमंडळाला विचारले, ना प्रांतिक मंत्रिमंडळांना. (कायद्याने तशी गरजच नव्हती, हीच तर खरी मेख!) २ ऑक्टोबरला मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धविरोधी संप केला, नोव्हेंबरमध्ये मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने याच निषेधार्थ राजीनामा दिला. सैन्यभरती मात्र चालूच राहिली. उद्योगांनाही युद्धाचाच निकष लागला. उद्योगपती वालचंद हिराचंद यांना मोटारींचा कारखाना काढायचा होता. तो युद्धाच्या कामाचा नाही म्हणून सरकारने पाठबळ नाकारले. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी अखेर १९४४ साली स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये, युद्ध संपल्यानंतर.